बोटीनंतरचे दोन दिवस

तणनाशकाच्या एका कंपनीनं वऱ्हाडातल्या दुकानदारांना सोयाबीनच्या हंगामाचं टार्गेट दिलं होतं. खुशालरावांनी ते दिवाळीआधीच पूर्ण केलं, वरून चार पेट्या जास्त खपवल्या आणि बक्षीस म्हणून नवराबायकोला बोट मिळाली. अख्खी बोट नव्हे, बोटीतली एक खोली. मुंबईहून निघायचं, गोवा करायचा आणि चौथ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, परत मुंबईच्या धक्क्याला लागायचं. काटेपूर्णा धरणापेक्षा मोठं पाणी ज्यांनी कधी पाहिलं नव्हतं, ते खुशालराव आता अकोल्यातल्या आपल्या कृषी केंद्रात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला समुद्र समजावून सांगत होते. युरिया न्यायला आलेला माणूस लाटा किती उंच असतात ते ऐकून जायचा.

कौशल्याबाईंना कुणी विचारलं, "काय वं बाई, मजा हाय तुमची," की त्या "हाव" म्हणायच्या. मजा त्यांना वाटत नव्हती, आणि वाटत नाही याचं दुःखही वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग ओठ आपलाच असून आपला लागत नाही, तसं त्यांचं सगळंच होऊन बसलं होतं. पोळ्या गोल व्हायच्या, भाजीत मीठ बरोबर पडायचं, लग्नाकार्यात त्या जिथे हसायचं तिथे हसायच्या. त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. मीठ चुकलं असतं तर आलं असतं.

याला सहा वर्षं झाली होती. त्यांची मुलगी आचल हिनं बडनेऱ्याच्या संघपालशी लग्न केलं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, मुंबईकडे एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरीला. खोट काढायची तर काही सापडत नव्हतं. तो बौद्ध होता, एवढंच. पण खुशालरावांना आणि त्यांच्या भावकीला तेवढं पुरलं. त्यांनी जाहीर केलं की मुलगी मेली. आणि नुसतं जाहीर करून थांबले नाहीत, पोरीची तेरवी घातली. जित्या पोरीची! मांडव घातला, भटजी बोलावला, चाळीस पानं उठली. अकलेचं दिवाळं निघालं म्हणजे माणूस काय काय करतो ते त्या दिवशी अंगणात पाहायला मिळालं. बायका कौशल्याबाईंच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या, आता रडेल, मग रडेल. त्या चुलीशी बसून वडे तळत होत्या. शेवटच्या पंगतीला त्याही जेवल्या. त्या दिवसापासून घरात आचलचं नाव निघालं नाही आणि कौशल्याबाई रडल्या नाहीत.

बोटीला तीन आठवडे राहिले तेव्हा कंपनीनं सगळ्या दुकानदारांना जोडीनं अमरावतीला बोलावलं. राजापेठेकडच्या एका हॉटेलात हॉल घेतला होता. सहलीचा माणूस, किशोर त्याचं नाव, समजावून सांगत होता. बोट लागली की कंपनीचं काम संपलं असं नव्हतं. ज्यांनी टार्गेटच्या वर माल खपवला, त्यांना दोन दिवस मुंबईही होती. हॉटेल कंपनीचं, फिरणं ज्याचं त्यानं ठरवायचं. शनिवारी रात्री अमरावती एक्सप्रेस धरायची, तिचं तिकीटही ज्याचं त्यानं काढायचं.

मग त्यानं फॉर्म भरायला घेतले. खुशालरावांचा नंबर आला.

"साहेब, काही अडचण आली तर घरी कळवायला मुलं किती, कोण?"

"एक. पोरगा. कुलदीप," खुशालराव म्हणाले आणि फोन नंबर सांगू लागले. आवाजात जरा म्हणून अडखळ नव्हती.

कौशल्याबाई शेजारीच बसल्या होत्या. आता आपल्याला काहीतरी व्हायला पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी वाट पाहिली. काही झालं नाही. समोरच्या बशीत समोसा होता, तो त्यांनी खाल्ला.

"हॉटेल वाशीला आहे," किशोर पुढे सांगत होता. "एकदम मध्यात. इकडे नेरूळ, तिकडे ऐरोली, रिक्षानं वीस-पंचवीस मिनिटं."

ऐरोली. पोरगी ऐरोलीला राहते, एवढं कौशल्याबाईंच्या कानावर कुणाकडून तरी आलं होतं. घर कुठलं, नंबर काय, काही माहीत नव्हतं. तेरवीनंतर खुशालरावांनी घरातल्या सगळ्यांच्या फोनमधून ती पुसून टाकली होती. त्या उठल्या. "इंदूबाईकडे जाऊन येतो," असं नवऱ्याला सांगितलं. इंदूबाई म्हणजे त्यांची बहीण, अमरावतीतच दिलेली. खुशालराव तेव्हा एका दर्यापूरच्या दुकानदाराला समुद्र समजावत होते. त्यांनी मान हलवली.

रस्त्यावर येऊन कौशल्याबाईंनी ऑटोवाल्याला बहिणीच्या घराचा पत्ता सांगायचा तो "बडनेरा" असं सांगितलं. का सांगितलं, ते त्यांना विचाराल तर सांगता आलं नसतं.

संघपालचं घर शोधायला वेळ लागला नाही. त्याचे वडील देवमन रेल्वेत होते, वस्तीत सगळे ओळखत. ते घरी नव्हते. दारात माणिकबाई, म्हणजे संघपालची आई, लसूण सोलत बसली होती. तिनं वर पाहिलं, ओळखलं, हातातला लसूण सुपात टाकला.

"या, इहीनबाई."

सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी त्यांना विहीण म्हणालं होतं. बसायला खुर्ची आली, पाणी आलं. माणिकबाईनं ना टोमणा मारला, ना गळ्यात पडली. "काहून आल्या, ते सांगा पयले," ती म्हणाली. "तुमच्या घरचे मांगं येऊन माह्या दारात तमाशा नको."

"कोनी येत नाई. आचलचा नंबर पायजे होता."

माणिकबाईनं हात पदराला पुसले. मग फोन काढला, पण नंबराआधी एक फोटो समोर धरला. चारेक वर्षांची मुलगी, दोन वेण्या, एक चप्पल पायात आणि एक हातात.

"नात हाय. तुमचीबी."

कौशल्याबाईंनी फोटो पाहिला. हनुवटी आचलची होती. त्यांनी परत वाट पाहिली, छातीत काही हलतं का. हललं नाही. आणि तेव्हा मात्र त्यांना भीती वाटली. खरीखुरी. आपण नातीकडे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावं तसं बघतो आहोत, हे त्यांना कळलं. सहा वर्षांत त्यांना वाटलेली ही पहिली गोष्ट होती.

"लावा फोन," त्या म्हणाल्या.

माणिकबाईनं स्वतःच्या फोनवरून लावून दिला आणि आत निघून गेली.

"हां आई, बोला ना," पलीकडून आचल म्हणाली. ती सासूशी बोलते आहे असं समजत होती.

"मी कौशल्या बोलतो," कौशल्याबाई म्हणाल्या. पोटच्या पोरीला त्यांनी आपलं नाव सांगितलं.

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. मग, "कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं. आमी तीन हप्त्यानं बोटीवर जाऊन राहिलो."

"कायच्यावर?"

"बोटीवर. कंपनीकडून हाय. मंग शुक्रवार-शनिवार वाशीले आहो." आपण काय बोलतो आहोत ते त्यांनाच कळत नव्हतं. "ऐरोली जवळच हाय म्हणे."

"बाबाले मालूम हाय, तू मले फोन केला ते?"

"नाई."

"मंग काय सांगून येशीन तू?"

"साड्या घ्याले चालली म्हनून सांगीन."

आचल हसली नाही की चिडली नाही. तिचा आवाज अगदी सपाट होता, आणि तो आवाज कौशल्याबाईंना ओळखीचा वाटला. त्यांचा स्वतःचा तसाच झाला होता.

"माय, एक सांग. माह्या तेरवीचे वडे तू तळले ना?"

"हाव."

"खाल्ले?"

"खाल्ला. एक."

"बरं झालं खोटं नाई बोलली." पलीकडे एक लहान मूल काहीतरी मागत होतं, आचलनं त्याला थांब म्हटलं. "मंग आता माहं आयक. यायचं असंन तं बाबाच्या तोंडावर सांगून ये. पोरीच्या घरी चालली, असं म्हन, माहं नाव घे, अन् मंग ये. ते आले नाई तरी चालते. पन साडीच्या पिशवीमांगं लपून येऊ नको. माही पोर इचारीन हे कोन हाय, तं मी तिले चोरून आलेली आजी दाखोनार नाई. नाई जमत तं बोटीतून उतर अन् सरळ अकोल्याले जा. मी राग नाई धरनार."

फोन ठेवला गेला. माणिकबाई चहा घेऊन आली. काय झालं, तिनं विचारलं नाही. निघताना तेवढं म्हणाली, "ते पोरगी कडू बोलते, पन बोलते ते करते. दार उघडंच ठेवीन ते."

अकोल्याला परत आल्यावर बेत सुरू झाले. रविवारी सकाळी खुशालरावांनी बैठकीत वही घेतली आणि मुंबईचे दोन दिवस फवारणीचं वेळापत्रक लिहावं तसे लिहायला बसले. सात ते साडेसात अंघोळ, साडेसात ते आठ नाश्ता. शुक्रवारी गेटवे, राणीचा बाग, सिद्धिविनायक. शनिवारी महालक्ष्मी, मग चौपाटीवर भेळ, एक प्लेट दोघांत. कुलदीप मोबाइलवर अंतरं बघून सांगत होता आणि दर वेळी बापाचा अर्धा तास कमी पडत होता.

कौशल्याबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. बडनेऱ्याहून येऊन पाच दिवस झाले होते. पाचही दिवस त्यांनी सांगायचं ठरवलं होतं. एकदा चहा देताना, एकदा जेवायला वाढताना, एकदा तर नुसतं "अवो" एवढं म्हणून मिठाची बरणी पुढे केली होती. शब्द तोंडापर्यंत यायचे आणि त्यांना वाटायचं, राहू दे, काय फरक पडतो. हे "काय फरक पडतो" फार वाईट. भांडण परवडलं. त्याच्यापायी त्यांची सहा वर्षं गेली होती आणि आता नातही जायची वेळ आली होती.

"तुले काय पाह्यचं हाय ते सांग वं," खुशालराव वहीतून मान वर न करता म्हणाले. "मंग म्हनशीन, मले कोनी इचारलं नाई."

"काही नाई," असं कौशल्याबाई सवयीनं म्हणाल्याही.

"मंग झालं. कुलदीप, शनिवारच्या गाडीचे तिकिटं पाय. दोघाचे."

कुलदीपनं मोबाइलवर नावं टाकायला घेतली. आधी बापाचं टाकलं. मग तो आईचं वय पुटपुटला, "अठ्ठावन्न ना माय?"

"माहं नको काढू," कौशल्याबाई म्हणाल्या.

दोघांनीही वर पाहिलं.

"मी बोटीवर येईन. तुमचं बक्षीस हाय, चार लोकांत दिसलं पायजे. पन शुक्रवारी उतरल्यावर मी तुमच्यासंगं फिरनार नाई. मी ऐरोलीले जाईन."

"ऐरोलीले कोन हाय?" खुशालरावांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. माहीत नसतं तर आवाज एवढा खाली आला नसता.

"माही पोरगी हाय. आचल."

कुलदीपनं मोबाइल मांडीवर उलटा ठेवला. खुशालरावांनी वही मिटली.

"ते मेली," ते म्हणाले.

"मेली असती तं मी रडली असती," कौशल्याबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. बाजारात भाव सांगावा तसं त्या सांगत होत्या. "माह्या पोटची पोरगी मेली अन् मी सहा वर्सात एक डाव रडली नाई, असं झालं असतं काय? तुमीच सांगा. वडे तळले मी. माय असते काय कोनी असं?"

खुशालरावांनी पेनाला टोपण लावलं, परत काढलं. मग म्हणाले, "बाकीचे दुकानदार इचारतीन, बायको कुठी गेली म्हनून. त्याईले काय सांगू मी?"

"सांगा, पोरीच्या घरी गेली."

"मी येनार नाई."

"तुमाले बलावलंबी नाई."

ते उठले. चप्पल घातली, दुकानाची किल्ली खिशात आहे का ते चाचपलं. रविवार असून ते दुकानाकडे निघाले होते, म्हणजे घरातून कुठेतरी जायचं होतं एवढंच. फाटकापर्यंत जाऊन ते थांबले. मागे वळले नाहीत.

"कितव्या मजल्यावर राह्यते?"

"मले नाई मालूम."

"इचारून घे. लिफ्ट नसंन तं तुह्या गुडघ्यानं चढनं होत नाई." आणि फाटक उघडून ते गेले.

फाटक मागे हलत राहिलं. कौशल्याबाई तिकडेच बघत उभ्या होत्या. त्यांच्या मनात मजल्यांचा विचार चालू होता. दोन असतील, तीन असतील, मध्ये बसायला जागा असेल.

"माय," कुलदीप म्हणाला, "तू रडून राहिली."

"काय म्हंतं?" त्या म्हणाल्या, आणि गालाला हात लावून पाहिला.