सकाळची गाडी, दुपारची गाडी

सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं आणि आमची गाडी पाय काढला तरी थांबायला तयार नव्हती.

बाळंतपणाची रजा संपत आली होती. नाशिकजवळच्या अंबडला ज्या कंपनीत मी तपासणीला आहे, तिथे पहिली पाळी मिळाली होती. सायली सहा महिन्यांची. तिला घेऊन सायखेड्याला आईकडे राहायचं, पहाटे गाडीने अंबडला जायचं आणि पाळी सुटली की थेट तिच्याकडे यायचं, असं ठरलं होतं. एसटीने गेले तर परत येईपर्यंत अंधार पडतो, आणि सायली वरचं दूध घेत नाही. आईने बोंडल्याने पाजून पाहिलं, तर ओठ घट्ट मिटून घेते, दूध सगळं गळ्यावरून झबल्यात. म्हणजे गाडी नीट चालली तर नोकरी आणि पाजणं दोन्ही, नाहीतर दोन्हीतलं एक सोडायचं. कोणतं, ते घरात कोणी बोलत नव्हतं.

गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची. पुढे उसाचा ट्रॅक्टर आला की त्याला ओलांडायची ताकदच नाही तिच्यात. ज्ञानेश, माझा नवरा, सातपूरला लोखंड तापवून ठोकणाऱ्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात मशिनदुरुस्तीला आहे. "तू लवकर पोचशील पोरीकडे," एवढंच म्हणाला आणि त्याने गाडीची थ्रॉटल बॉडी खोलली. इंजिनात हवा जाते तिथे ही बसवलेली असते. आत एक गोल चकती. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की केबल ओढली जाते आणि चकती उघडते, पाय काढला की स्प्रिंग तिला मिटवते. ज्ञानेशने ती बॉडी ओळखीच्या लेथवर आतून दोन मिलिमीटर मोठी करून घेतली, नवी चकती बसवली, चकती फिरते त्या जागी ग्रीस लावून पुन्हा जोडली. रविवारी दुपारी गाडी आणून दिली, तेव्हा आम्ही नदीच्या पुलापर्यंत चक्कर मारून आलो. गाडी खरंच पळाली.

मंगळवारी पहाटे सराव म्हणून मी एकटीच निघाले. चांदोरीच्या चौफुलीवर पाय काढला, तर इंजिनचा आवाज उतरेना. ब्रेक दाबला, क्लच दाबला. गाडी थांबली, पण इंजिन जागच्या जागी ओरडत राहिलं. दोन-तीन श्वास गेले आणि मग ते हळूच खाली आलं. समोर उसाची ट्रॉली होती. तिला मागे बांधलेलं लाल फडकं माझ्या बॉनेटला टेकायचं बाकी होतं.

मी फोन केला. ज्ञानेश म्हणाला, "पायाखालची मॅट सरकून अ‍ॅक्सिलरेटरवर आली असेल."

बुधवारी मॅट काढून निघाले. तेच. फक्त नाशिक जवळ यायला लागलं की गाडी आपोआप शहाण्यासारखी वागायची.

"मग बिघाड कसला? बिघाड असता तर दिवसभर दिसला असता," तो म्हणाला. "तू त्या जाड तळव्याच्या चपला घालतेस ना? पाय उचलल्यासारखं वाटतं, पण उचललेला नसतो."

"पाय माझा आहे. उचललाय का नाही ते मला कळतं."

"बरं बाई. शनिवारी येतो."

शनिवारी दुपारी तो आला. एरवी आमचं अरे-तुरे चालतं, आईसमोर मात्र अहो-जाहो. त्यामुळे भांडण अर्धं होतं. त्याने केबल सैल करून पाहिली. हवेच्या पाइपच्या जोडांतून हवा गळते का बघायला साबणाचं पाणी फवारलं, कान देऊन ऐकलं. गाडीचा कॉम्प्युटर मोबाइलला जोडून पाहिला, एरर नाही. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली. मग स्वतः चालवून आला.

"एकदम मस्त," काच खाली करून तो म्हणाला. "पाय काढला की आरपीएमची सुई खाली."

"आत्ता. सकाळी बघा."

"सकाळी काय वेगळी गाडी असते का?"

"मग जुनी बॉडी बसवून द्या. पळायला नको मला, थांबायला हवी."

त्याने हातातला पान्हा खाली ठेवला. "जुनी कुठाय? तिलाच तर मोठं केलं."

हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटत होतं, जुनी कुठेतरी पिशवीत ठेवलेली असेल. आई ओट्यावरून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "जावईबापू, चहा घ्या आधी. गाडी कुठं पळून जाती? ती तर थांबत बी नाय अन् जात बी नाय." ज्ञानेश हसला, पण चहा त्याने थंड करून प्यायला.

रविवारी सकाळी निफाडकडची ती ओळखीची थंडी होती, बादलीत हात घालवत नाही अशी. सायलीला मालीश करायला आईने मांडीवर घेतलं आणि खोबरेल तेलाची बाटली उलटी केली. थेंब पडेना.

"बघ की! काल दुपारी निस्तं पाणी होतं. आता दगड. भागे, चुलीपाशी ठेव जरा, पोर गारठती."

मी बाटली चुलीजवळ ठेवली आणि तिथेच बसून राहिले. काल दुपारी पाणी, आता दगड. गाडीचंही तसंच. दुपारी शहाणी, सकाळी हट्टी. नाशिकपर्यंत इंजिन तापलं की पुन्हा शहाणी.

ज्ञानेशला गोधडीतून उठवलं. "चावी लावायची नाही. थंड आहे तशीच उघडायची."

बॉनेट उघडून त्याने केबल ओढते ती छोटी दांडी बोटाने मागे नेली आणि सोडली. ती टक्कन परत यायला हवी होती. ती आली, पण झोपेत सायलीच्या मुठीतून माझं बोट सुटतं तशी, हळूहळू, अगदी शेवटी. त्याने पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

मी आईची शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरून आणली आणि थ्रॉटल बॉडीवर ठेवली. आम्ही दोघं शाली पांघरून शेजारी उभे राहिलो. आत सायली मालिशीला कुरकुरत होती. थोड्या वेळाने पिशवी उचलली. दांडी ओढून सोडली. टक्.

"ग्रीस," तो म्हणाला. त्याने दांडीच्या बाजूला बोट घासून वास घेतला. "कारखान्यातलं आणलं होतं. भट्टीजवळच्या बेअरिंगचं. ते उष्णतेत वितळू नये म्हणूनच घट्ट केलेलं असतं. भाग्या, मी चांगलं म्हणून भरपूर लावलं गं."

"माझ्या चपलेला काय म्हणत होतास?"

"हळू बोल, मामी ऐकतील."

"ऐकलं," आतून आई म्हणाली.

दुपारपर्यंत त्याने सगळं खोलून पेट्रोलने धुतलं. आईच्या शिलाई मशिनचं पातळ तेल दोन थेंब टाकलं आणि उरलेलं ग्रीस कागदात गुंडाळून खिशात घातलं. दांडी टक्कन येत होती. पण तेव्हा ऊन होतं, आणि उन्हात ती आधीही येतच होती. त्यामुळे गाडी दुरुस्त झाली, असं कोणी म्हटलं नाही. ज्ञानेशने त्या रात्री परत जायचं रद्द केलं.

सोमवारी अंगणात धुकं होतं. निघण्याआधी सायलीला पोटभर पाजलं. ती झोपेतच प्यायली. आईने तिला माझ्याकडून घेताना तिचं कानटोपरं सरळ केलं आणि म्हणाली, "दुपारी ये. पोर वाट बघती." ज्ञानेश शेजारी बसला. त्याच्या पायाशीही चुकून ब्रेक असावा, असा तो पाय आखडून बसला होता.

चांदोरीची चौफुली आली. पुढे उसाची ट्रॉली, मागे लाल फडकं. मी पाय काढला. सुई खाली आली, आवाज खाली आला आणि गाडी ट्रॉलीच्या मागे चांगली दोन हात राखून उभी राहिली. इंजिन शांत कुजबुजत होतं.

ज्ञानेशने आधी सुईकडे पाहिलं, मग वाकून माझ्या पायाकडे.

"हो," मी म्हणाले, "त्याच चपला आहेत."

ट्रॉली हलली. रस्ता मोकळा झाल्यावर मी तिला ओलांडलं. सकाळच्या थंडीत गाडी पहिल्यांदाच न कुरकुरता गेली. दुपारी याच रस्त्याने परत यायचं होतं.