पेंटरच्या गाडीचा चिकटलेला क्लच

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. कारखान्यातून निघाले ती थेट एका पेंटरच्या दारात आले. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्याचा धंदा. माझ्या हँडलला रंगाचे डबे लटकत, मागे त्याची बायको बसे. ती नर्स. तिला हॉस्पिटलात सोडायचे आणि आम्ही कामाला लागायचे. "ही आहे म्हणून माझं चाललंय," असे तो माझ्या टाकीवर थाप मारून चारचौघांत सांगे, आणि मी फुगून जाई.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात लुळा पडला. क्लच दाबायचा हातच तो! मला जिन्याखाली ढकलून वर गोणपाट टाकले. रंगवायला उजवा हात शाबूत होता, पण त्याचे मनच उडाले. तो दिवसभर खिडकीशी बसून राही. कित्येक वर्षे अशीच गेली.

एकदा शाळेतून निरोप आला. फाटकावरची पाटी नव्याने रंगवायची होती.

"मी जाणार कसा?" म्हणत त्याने तोंड फिरवले.

"मी नेते," बायको म्हणाली. "माहेरी भावाची गाडी चालवलीय मी."

सुटीच्या दिवशी तिने मला बाहेर काढले, ताजे पेट्रोल भरले, किका मारून घाम गाळला. मी एकदाची सुरू झाले. पण तिने क्लच दाबून पहिला गिअर टाकला मात्र, मी दाणकन उसळले आणि भिंतीवर आदळून बंद पडले. तिचा गुडघा सोलवटला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"भंगारातच द्यायला हवी ही!" ती रडवेली होऊन म्हणाली.

"अगं, तिला कशाला बोल लावतेस? क्लच चिकटलाय!" खिडकीतून आवाज आला. मग पायऱ्यांवर काठी वाजली. तो आपणहून खाली येत होता.

आधी वरचा गिअर टाकून, क्लच दाबून त्यांनी मला मागेपुढे हलवले. पण क्लचच्या आतल्या चिकटलेल्या प्लेटा सुटेनात. शेवटी ऑइल काढून कव्हर उघडले.

"बोल्ट थोडे थोडे ढिले कर. घाई नको."

"अहो, लोकांचे टाके काढते मी. बोल्टांचं काय घेऊन बसलात!"

तो खूप दिवसांनी हसला. ओल्या पत्त्यांसारख्या चिकटलेल्या प्लेटा तिने एकेक करून सोडवल्या. त्याने त्या लुळ्या हाताने छातीशी धरल्या, उजव्याने पुसल्या आणि तेलात भिजत ठेवल्या. मग कव्हरखाली बसवायचे नवे पॅकिंग आले, नवे ऑइल आले, केबललाही तेल मिळाले.

सगळे जोडून झाल्यावर तिने त्याचा डावा हात क्लचवर ठेवला आणि वर आपला हात ठेवला. दोघांनी मिळून दाबले. गिअरमध्ये असूनही जरा ढकलताच मी अलगद पुढे सरकले. क्लच सुटला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत गेलो. ती पुढे, तो मागे. पाटी उतरवून घेऊन त्याने टेबलावर रंगवली. पहिले अक्षर जरा थरथरले, पुढची सरळ आली.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी गाडी पडून असेल. अधूनमधून तिचा क्लच दाबा, तिला थोडे फिरवून आणा. आणि घरात कुणी गप्प होऊन बसले असेल, तर नुसते 'आराम करा' म्हणू नका. हातात एखादा पाना द्या आणि विचारा, "जरा बघता का, काय झालंय हिला?"