टेबलाच्या टोकाचं स्टूल

बाळासोनं पाण्याच्या माठाजवळचं स्टूल पायानं ढकलत टेबलाच्या पार शेवटच्या टोकाला नेलं. स्टुलाचा एक पाय आखूड होता. बसणाऱ्याला दर दोन मिनिटांनी सावरून बसावं लागलं असतं. बाळासोनं हातानं ते एकदा डुगडुगवून बघितलं आणि त्याला बरं वाटलं.

"हितं बसंल ती," तो म्हणाला.

"खुर्च्या हायत की बाहेर," युनियनचा अध्यक्ष आकाराम म्हणाला.

"असूंदेत. बायमाणसाला स्टूल बास झालं."

कबनूरच्या यंत्रमाग मालकांच्या ऑफिसात आज दिवाळीआधीची बोलणी होती. गेली बारा वर्षं युनियनच्या बाजूनं तेच पाच पुरुष बसत आले होते, त्यातले चार एका भावकीतले. यात काही चुकतंय, असं आकारामच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. गेल्या महिन्याच्या सभेत मात्र मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांनी उठून विचारलं, की वर्गणीची पावती आमच्या नावानं फाडता, मग बोलणी करताना आमचं माणूस कुठं असतं? शेवटी ठरलं, की या खेपेला यल्लव्वा सहावी म्हणून बसेल आणि ती कशी काय बोलते ते बघून येत्या रविवारच्या सभेत ठरवायचं; तिला पक्की खुर्ची दिली तर पाचातला एक जण कमी करायचा.

त्या दिवसापासून त्या पाचांतल्या बाळासोच्या पोटात दुखत होतं. यल्लव्वा समाजमंदिराजवळ राहणारी, तो माग चालवायचा त्याच कारखान्यात कांडी मशीनवर बसणारी बाई. काल-परवापर्यंत ती त्याच्या मागापाशी कांड्यांची पाटी ठेवून निमूट परत जायची. आता वाटेत चार माणसं थांबून तिच्याशी बोलत होती. बाळासोकडं बघून कुणी थांबत नव्हतं. चहाच्या गाड्यावर उभं राहून त्यानं आठ दिवस एकच सांगितलं, "बघा, तोंडसुद्धा उघडायची न्हाय ती मालकाम्होरं."

जळण्याला आणखी एक कारण होतं आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. तीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढून त्याचे दोन्ही कान गेले होते. कारखान्यात ते खपून जाई. तिथं सगळेच आवाजाशिवाय, ओठ मोठे हलवून बोलतात आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघून समजून घेतात. वाटाघाटीच्या टेबलावर तो मुद्दाम अलीकडच्या टोकाच्या खुर्चीत बसायचा, म्हणजे सगळ्यांची तोंडं दिसायची. लोकांना वाटायचं, भारी गुर्मी आहे गड्याला. युनियनच्या वतीनं हो किंवा नाही सांगण्याचा मानही त्याचाच. मालक काय म्हणाले ते नीट कळलं नाही, की तो टेबलावर मूठ आपटून "न्हाय!" म्हणायचा. अशानंच त्याचं पंचक्रोशीत नाव झालं होतं. कानाचं बाहेर फुटलं असतं तर रविवारी कुणाची खुर्ची जाणार, हे वेगळं सांगायला नको होतं.

यल्लव्वा आली. तिनं स्टूल बघितलं, बाळासोकडं बघितलं आणि बसली. स्टूल डुगडुगलं. तिनं पाय भिंतीला टेकवले.

मग मालकांच्या बाजूनं बोलणारे नेमिनाथशेठ आत आले. शेठची दाढ ठणकत होती. त्यांनी तोंडावर रुमाल दाबून धरला होता आणि त्यातूनच ते बोलायला लागले. वर पंखा गरगरत होता. बाळासोला नुसता रुमाल हलताना दिसत होता. त्यानं आकारामकडं बघितलं, तो खाली मान घालून लिहीत होता, बाकीचे शेठकडं बघत होते.

बाळासोची नजर सैरभैर फिरत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. यल्लव्वाचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. कारखान्यात हलतात तसे, मोठे, सावकाश. 'बोनस. गेल्या वर्साएवढाच. म्हंत्यात.'

बाळासोनं मूठ आपटली. "न्हाय!"

शेठनी मान हलवली. पुन्हा रुमाल हलला, पुन्हा तिचे ओठ हलले. तास-दीड तास हे असंच चाललं. तो तिच्या तोंडावरची नजर काढत नव्हता आणि मनातून तिला शिव्याही घालत होता. हिला कळलं कसं? कधीपासून? आणि कळलंच आहे तर ही गप्प का? रविवारी सभेत सांगायला राखून ठेवलं असेल.

शेवटी शेठ बराच वेळ बोलले. बाळासोची मूठ सवयीनं वर गेली. समोर यल्लव्वा स्टुलावरून अर्धी उठली होती. 'संडास,' तिचे ओठ म्हणाले. 'परत्येक कारखान्यात. बायकांचा येगळा. देतो म्हंत्यात. व्हय म्हना.'

मूठ वरच राहिली. या एका गोष्टीसाठी तिला इथं पाठवलं होतं. बायका दिवसभर पाणी पीत नव्हत्या, हे त्यालाही ठाऊक होतं. आता त्यानं "न्हाय" म्हटलं असतं तर बोलणी फिसकटली असती आणि खापर तिच्या माथी फुटलं असतं, की बाई आली आणि घोळ झाला. क्षणभर त्याला ते गोड वाटलं.

मग त्यानं हात खाली घेतला. "व्हय," तो म्हणाला.

बारा वर्षांत पहिल्यांदाच बाळासो मूठ न आपटता हो म्हणाला होता. शेठनी तोंडावरचा रुमाल काढून त्याच्याकडं बघितलं.

जिन्यात त्यानं यल्लव्वाला गाठलं.

"माझ्या कानाचं तुला कधीपास्नं ठावं हाय?"

"दोन वर्सं झाली. लाइट जाऊन माग बंद पडलं, तरी तुमी माझ्या तोंडाकडं बघूनच बोलत हुता, आण्णा."

"मग सांगितलं का न्हाईस? तुझी खुर्ची पक्की झाली असती की."

"खुर्चीचं रविवारी बघू. तुमी न्हाय म्हनला असता तर आज आमचा संडास गेला असता," ती म्हणाली आणि पदर खोचून पुढं उतरली.

एवढं साधं उत्तर. बाळासोला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. दोन वर्षं त्याची दोरी तिच्या हातात होती आणि तिनं ती एकदाही ओढली नव्हती. त्याच्या हातात असती तर? याचं उत्तर त्याला माहीत होतं, म्हणून तर तो अजून जळत होता.

खाली गाड्यावर सगळे चहा घेत उभे होते. यल्लव्वाही कडेला ग्लास धरून उभी होती. आकारामनं बाळासोच्या खांद्यावर हात टाकला. तो अगदी समोर होता, उजेडात होता, त्याचा शब्दन् शब्द ओठांवर दिसत होता.

"तुझंच खरं झालं, बाळासो. दीड तास बाई तोंडातनं चकार शब्द काढंना. रविवारी सभेत तूच सांग, तिला नको म्हणून. तुझं ऐकत्यात लोक."

यल्लव्वानं मान वर केली नाही. ती चहावरची साय बोटानं बाजूला करत होती.

बाळासोनं ग्लास गाड्यावर ठेवला. मग आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत त्यानं पंजा कानामागं धरला.

"मोठ्यानं बोल, आकाराम," तो म्हणाला. "मला ऐकू येत न्हाय. आज वरती ऑफिसात जे कळलं, ते समदं हिच्या तोंडावरनं कळलं."

आकाराम हसला. त्याला थट्टा वाटली. बाळासोनं हात काही खाली घेतला नाही.