नाळेवरची पावडर

बाळाच्या नाळेच्या बाबतीत मी सासूबाईंवर बारीक नजर ठेवून होते. दवाखान्यातून निघताना नर्सने बजावलं होतं, नाळ उघडी आणि कोरडी ठेवायची, लंगोट तिच्या खाली दुमडायचा, हात धुतल्याशिवाय बाळाला शिवायचं नाही आणि नाळेवर काही म्हणजे काही लावायचं नाही. त्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्या वेळी तेल लावायचो." झालं. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्या बाळावर वाकल्या की मला मुद्दाम खोकला यायचा. बाळंतपणासाठी राहायला आलेल्या माझ्या आईला मी सांगून ठेवलं, मी अंघोळीला गेले की तू इथून हलायचं नाही.

"मी आहे ना. तू निर्धास्त जा," आई म्हणाली.

आणि मी निर्धास्त गेले. आईच ती.

मग बाळ दूध ओढेनासं झालं. बेंबीभोवती लाल झालं, वास यायला लागला, अंग तापलं. डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं आणि त्या एवढ्याशा हाताला सलाइन लावलं. कापसाने नाळ पुसताना बुडाशी पांढरा लगदा निघाला.

"ही पावडर दिसतेय," डॉक्टर म्हणाले. "कोणी लावली?"

"यांना विचारा." मी सासूबाईंकडे बोट दाखवलं.

"मी नाही गं लावली."

"मग काय भिंतींनी लावली?"

मी वॉर्डभर ऐकू जाईल असं बोलले. नवऱ्यानेही तोंड फिरवलं आणि त्यांना घरी सोडून आला. जाताना त्यांनी बाळाकडे बघितलंसुद्धा नाही. माझी आई तेव्हा माझ्या शेजारीच उभी होती. माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

औषध लागू पडलं. ताप उतरला, लाली ओसरली, सलाइन निघालं आणि बाळ पुन्हा दुधासाठी रडायला लागलं. जीव भांड्यात पडला. मी तोंड धुऊन वॉर्डात परतले, तर आई पाळण्यावर वाकलेली. दुपटं सोडलेलं. हातात तिचा तोंडाला लावायच्या पावडरचा डबा.

मी डबा हिसकावून घेतला. "आई, तू?"

"लवकर सुकेल म्हणून जराशी. तुझ्या वेळीही लावली होती. तुला काय धाड भरली?"

"डॉक्टर विचारत होते तेव्हा का नाही बोललीस?"

"मला विचारलंस कुठे? तू तर आधीच ठरवून मोकळी झालीस." तिने दुपटं नीट केलं. "आणि सासूच ती. दोन शब्द ऐकून तिला काय होतंय? माझं नाव आलं असतं तर जावयासमोर काय तोंड राहिलं असतं माझं?"

पावडरची चूक मी एक वेळ पोटात घातली असती. पण बाळ तापाने फणफणलेलं असताना, डॉक्टर समोर विचारत असताना, ही सगळं माहीत असून गप्प राहिली. वर माझी समजूत घालत होती. जिच्या भरवशावर मी डोळे मिटायचे, तिनेच माझा केसाने गळा कापला. मला रडूसुद्धा आलं नाही, नुसता संताप झाला.

आईला मी बाहेरच्या बाकावर बसवलं. सासूबाईंना फोन लावून सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या ऐकून घेऊन निघाल्या, आल्या आणि दारातच थांबल्या. तेवढ्यात डॉक्टरांनी मला बोलावलं. मी बाळ सासूबाईंपुढे केलं.

"जरा घेता का? मी आलेच."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी नाही घेणार," त्या शांतपणे म्हणाल्या. "उद्या काही झालं तर माझं कोण ऐकणार आहे?"

बाकावरून आई उठली. "आण इकडे, मी आहे ना."

दोन्ही आज्या माझ्यासमोर उभ्या होत्या, आणि बाळ कुणाच्या हातात द्यावं ते मला कळेना.