हलकं काम

तिसरं बटण काजाच्या कडेशी येऊन अडलं... पहिली दोन कशी लागली, देव जाणे. जोतीरामला ते बटण साखर कारखान्याच्या गेटवरच्या शिपायासारखं वाटलं. ओळखतं, पण आत सोडत नाही.

समोर कारखान्याचे डॉक्टर घड्याळ धरून बसले होते. जोतीरामच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी उरलेली. मधली तीन बोटं गेल्या हंगामात मिलच्या रोलरनं नेली — ऊस अडकला होता, आणि मिल थांबवली की साऱ्या पाळीला नावं ठेवतात, म्हणून चालत्या मिलमध्ये हात घालायचा, सगळेच घालतात, त्यात काय... तेव्हापासून आठ महिने रोज दवाखाना, रबरी चेंडू दाबणं, बादली उचलणं. घरी बायको अंजना कणकेचा निम्मा गोळा त्याच्यापुढं सरकवायची. "आवं, आज बरी मळलीया," म्हणायची आणि त्या चपात्या, बिचारी, मुकाट्यानं स्वतः खायची.

बटण लागलं. डॉक्टरांनी कागदावर खूण केली. कागदावर पकड होती, वजन होतं, नजरसुद्धा होती. खिडकीतून मिलच्या चाचणीचा घरघराट येत होता आणि त्याबरोबर जोतीरामची नसलेली बोटं आखडत होती. त्याला कागदावर रकाना नव्हता.

"बोल जोतीराम. वर्षभर हलकं काम, की उद्यापासून जुनी जागा? तू म्हणशील तसं लिहितो."

हलकं काम म्हण. दोनच तर शब्द. पण दाराबाहेर त्याच्या जागेवर बदली आलेला, गुंडा नावाचा गडी उभा होता. सकाळीच त्यानं तंबाखू मळत सांगितलं होतं, "हलकं काम म्हंजी चेअरमनच्या गुलाबांस्नी पाणी. लय नाजूक काम हाय गड्या, जमंल न्हवं?" आणि चहाच्या टपरीवरची सगळी पाळी हसली होती. जोतीरामही हसला होता, सगळ्यांत मोठ्यानं.

"जुनी जागा," तो म्हणाला. म्हणजे तोंड म्हणालं. तो अजून विचारच करत होता.

"भीती नाही ना वाटत?"

"छ्या. भ्या कसलं, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. आता ओळखतील, रागावतील, कागद फाडतील... जोतीराम वाट बघत राहिला. डॉक्टर समाधानानं हसले आणि त्यांनी सही केली.

आठ महिने या देवमाणसाला तो मनोमन हात जोडत आला होता. आज पहिल्यांदाच त्याला त्यांचा राग आला — एवढ्या शिकल्यासवरल्या माणसानं आपलं बोलणं असं लगेच खरं मानावं?