टॅबचे दोन तास

यादी लागली त्या दुपारी पाटकऱ्यानं पुढ्यातलं ताट सरकवलं आणि पोरीवर तोंड सोडलं. कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या शेतात सोडणारा हा माणूस एरवी इतका मवाळ, की पाणी चोरणाऱ्यालासुद्धा अहो-जाहो करायचा. आज मात्र त्याचा आवाज शेजारच्या शिंपिणीपर्यंत गेला आणि तिचं मशीन ऐकायला थांबलं.

"अख्खं पुस्तक तोंडपाठ म्हणणारी तू, आणि यादीत खालून दुसरी? सहा महिने त्या टॅबवर केलंस काय? चित्रं बघत बसलीस?"

पोर खाली मान घालून नखानं जमीन उकरत राहिली. पाटकऱ्याची बायको दारात भाजीच्या जुड्या बांधत होती. तिच्या हातातली जुडी तिसऱ्यांदा सुटली.

शाळेत त्या वर्षापासून नवी पद्धत आली होती. परीक्षा बंद. प्रत्येक पोराला एक टॅब. तोच धडे देणार, चुकलं की खालच्या इयत्तेचे देणार, तोच चूक-बरोबर मोजणार, आणि सहा महिन्यांनी वरच्या तिघांना मोठ्या गावच्या वसतिगृहाच्या शाळेत जागा. तिथं प्रयोगशाळा होती, शिकवायला दहा जण होते. इथं एकटे गुरुजी, आणि सातवीनंतर पोरींच्या हातात खुरपं. पाटकऱ्याच्या पोरीची जागा ठरल्यातच जमा आहे, असं सगळं गाव धरून चाललं होतं.

घोटाळा झाला तो तासांचा. "घरी टॅब रोज दोन तास चालला पाहिजे, नाहीतर तो गैरहजेरी लावतो," असं गुरुजींनी पालकांना बजावलं होतं. पोर अर्ध्या तासात अभ्यास उरकायची आणि शेळ्या घेऊन माळावर जायची. राहिलेला दीड तास भरायचा कुणी? पाटकऱ्याच्या बायकोनं आपलं डोकं चालवलं. विहिरीवरच्या मोटारीचे तास तिला माहीत होते. मोटार चालू असली की तास भरतात, पाणी कुणाच्या का वाफ्यात जाईना. नुसता ठेवला तर टॅब झोपी जायचा, म्हणून ती भाजीचे हात पुसून त्याच्यावर बोट आपटत बसायची. लागेल तिथं, येईल तसं.

टॅबमधली बाई बोलायची. चुकलं की म्हणायची, "पुन्हा प्रयत्न करा." आवाजात जराही राग नाही. पाटकऱ्याच्या बायकोला उभ्या जन्मात चुकल्यावर असं कुणी म्हटलं नव्हतं. माहेरी चुकलं की पाठीत धपाटा बसायचा, सासरी टोमणा. मग ती खरंच पुन्हा प्रयत्न करायला लागली. महिन्याभरात अक्षरं लागली. चौथ्या महिन्यात बियाण्याच्या पाकिटावरचं नाव वाचता आलं, तेव्हा तिला इतका आनंद झाला की ते पाकीट तिनं पदरात बांधून ठेवलं. बोलली मात्र कुणाला नाही. या वयात पाटी घेतली म्हणून बायकांनी हसून जीव घेतला असता.

तिच्या सगळ्या चुका पोरीच्या नावावर चढत होत्या, हे तिला आज कळलं.

पाटकरी चरफडत कालव्यावर निघून गेला, तशी ती पोरीजवळ जाऊन बसली. "ते मी केलं गं. तुझं वाटोळं मी केलं."

"माहितीये मला."

"माहितीये?"

"टॅब उघडला की पहिलीचे धडे यायचे. आणि काचेवर भाजीची माती असायची."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"तू सोडून दिलं असतंस."

पाटकऱ्याची बायको तोंडात पदर कोंबून रडली.

दुसऱ्या दिवशी यादीवर सही करायला वरचे साहेब शाळेत आले होते. ती पोरीला घेऊन थेट त्यांच्या टेबलापुढं उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. बातमी पसरायला काय लागतं? खिडकीत बायकांची दाटी झाली. शिंपीण सगळ्यांच्या पुढं.

"यादी लागली की प्रत्येक पालक काहीतरी सांगत येतो, बाई," साहेब म्हणाले.

"पोर हुशार आहे, साहेब," गुरुजी मध्ये बोलले. "मी रोज बघतो."

"तुम्ही बघता, पण त्याला रकाना कुठंय, गुरुजी?"

"मग आत्ता तिची परीक्षा घ्या की," ती म्हणाली.

"एका दिवसाची परीक्षा आता धरत नाहीत. नव्या पद्धतीचा तोच तर फायदा." साहेबांनी टॅब पुढं ओढला. "चुकलेले प्रश्न यात साठलेले असतात. त्यातले दहा तुम्हाला देतो. तुमचेही चुकले, तर मानीन मी. तसा अहवाल लिहीन, जागा मिळेल तिला. बरोबर आले, तर चुका पोरीच्याच."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. टॅबमधली बाई बोलली, "नांगर कुठे लिहिलं आहे?" तिचं बोट सवयीनं बरोबर शब्दावर गेलं. काच हिरवी झाली.

"एक बरोबर," साहेब म्हणाले.

शेजारी उभ्या पोरीचा चेहरा उतरला. तो बघितला आणि आपल्याला काय करायचंय, ते तिला उमगलं.

"विहीर कुठे लिहिलं आहे?" हा शब्द लागायला तिला चार दिवस लागले होते. तिनं बोट 'बादली'वर ठेवलं. "पुन्हा प्रयत्न करा," बाई म्हणाली. चुकणं सोपं नव्हतं. चुकायचं म्हणजे आधी बरोबर कुठलं ते नीट वाचून घ्यावं लागत होतं. एकामागून एक ती चुकत गेली.

"अगं, सहा महिने बोटं घासून हेच का शिकलीस?" शिंपीण खिडकीतून ओरडली आणि बायका फिदीफिदी हसल्या.

सातव्या प्रश्नाला पोरीला राहवलं नाही. "साहेब, तिला येतं—"

"गप गं!" ती उसळली. "मला काय येतंय, माझं कपाळ!"

दहापैकी नऊ चुकले. साहेबांना पटलं. गुरुजी मात्र त्या पहिल्या उत्तरापासून तिच्याकडं टक लावून बघत होते. त्यांनी साहेबांपुढं कोरा कागद सरकवला. साहेबांनी भराभर अहवाल लिहिला.

"वाचून दाखवू?"

"नको, साहेब. तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."

साहेबांनी कागद तिच्याकडं फिरवला आणि शाईची डबी पुढं सारली. कागदावर शेवटी लिहिलं होतं, 'मुलीची आई पूर्ण निरक्षर असून तिला अक्षरओळख नाही, अशी माझी खात्री झाली आहे.' तिनं ते वाक्य सावकाश, मनातल्या मनात वाचलं. 'निरक्षर' हा शब्द टॅबमध्ये कधी आला नव्हता. तो तिनं एकेक अक्षर जोडत लावला. मग अंगठा शाईवर दाबला आणि त्याच्याखाली उमटवला.