सातव्या ठोक्याची जागा

मागल्या श्रावणात निंबाच्या ढोलाने कानबाईला विसर्जनासाठी नदीवर इतक्या लवकर पोचवलं, की देवी पांझरेच्या काठावर आणि गाणं अजून ग्रामपंचायतीपाशी. वाजवताना निंबाचा हात पळायचा. हळू सुरुवात करून मारुतीच्या पारापर्यंत तो कुणी मागे लागल्यासारखा वाजवू लागे.

"देवीले काय बस पकडनी शे का?" गाणाऱ्या बायांची म्होरकी इंदिराबाई सगळ्यांसमोर म्हणाली होती. "पुढला साल हात असाच पयना, ते ढोल वनाले देसू."

साक्रीकडच्या त्या गावात ढोलाचा मान निंबाच्या घराण्याचा, आणि वना त्याचा सख्खा चुलतभाऊ. चुलतभावाच्या गळ्यातला आपला ढोल रोज बघायचा म्हणजे गाव सोडलेलंच बरं.

म्हणून यंदा तो आषाढभर नूर महंमदच्या पिठाच्या गिरणीबाहेर ढोल घेऊन बसला. गिरणीचं डिझेल इंजिन कुणासाठी घाई करत नसे. पुक, पुक, पुक. निंबा त्याच्याबरोबर वाजवी. इंजिन पळेना, म्हणून तोही पळेना. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचं दळण आलं तेव्हा नूर महंमदने रिवाजाप्रमाणे गिरणी धुऊन काढली आणि निंबालाही दोन तांबे पाणी घातलं.

"तू बी गिरनीनाच भाग शे आते," तो म्हणाला.

श्रावणातल्या सोमवारी सकाळी कानबाई एका बाईच्या डोक्यावरून नदीकडे निघाली. बाया आठ टाळ्यांची ओळ गाऊ लागल्या. निंबाने सहा ठोके दिले, आणि सातवा पडलाच नाही. हात वर गेला, थांबला, पुन्हा सुरू झाला. पुढे परत सहा ठोके, परत रिकामी जागा.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. नूर महंमदचं इंजिन दर सातवा ठोका खायचं. गावाला ते इतकं अंगवळणी पडलेलं, की कुणाच्या कानाला खटकतच नव्हतं. निंबाने इंजिनाचा संयम शिकताना त्याचा आजारही शिकून घेतला होता.

हात आता ऐकेना. बायांचं आठाचं, ढोलाचं साताचं. रिकामी जागा दर ओळीला एक घर मागे सरकू लागली, आणि तिच्यातून एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. एकदा नुसत्या बांगड्या. एकदा अनवाणी पायांचा चिखलातला चपचपाट. एकदा सगळ्यांच्या खालून, जाड सतरंजीतल्या एकाच धाग्यासारखा, गाणाऱ्यांतल्या झुंबरबाईचा चिरका आवाज. इतकी वर्षं हे सगळं त्याच्याच ढोलाखाली गाडलेलं होतं.

मग रिकामी जागा सरकत सरकत ओळीच्या पहिल्याच टाळीवर आली. जिथे ढोल दणकायलाच हवा, तिथे ढोल नाही. आणि गाणं पडलं नाही! आवाज, टाळ्या, बांगड्या, पाय, पलीकडची नदी, सगळं एका क्षणाला एकाच जागी उतरलं, कुणी न सांगता. आपण ही लय धरून ठेवतो असं निंबाला आजवर वाटत आलं होतं. लय तर त्याच्याशिवाय चालली होती, गायी घराकडे चालतात तशी.

त्याने हात खाली घेतले. ढोल थांबला. गाणं थांबलं. डोक्यावरची कानबाईसुद्धा थांबली.

इंदिराबाई मागे वळली. निंबाने गळ्यातला पट्टा काढायला घेतला. वना लगेच पुढे सरकला.

"झुंबर इतली बेसूर गास," इंदिराबाई सावकाश म्हणाली, "हाई माले आज समजनं."

"माले बी," झुंबरबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

इंदिराबाईने वनाला हाताने बाजूला केलं.

"पट्टा ऱ्हाऊ दे, निंबा. परत वाजाड. तशीच जागा सोड."

निंबाने सहा ठोके दिले. सातव्याला हात वर थांबला, आणि अख्ख्या गल्लीने कान दिला.